खांबमास्तर आणि चार बोटांचा फरक

अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावरून खाली येण्यासाठी एक जिना होता आणि एक खांब होता. जिना कोणासाठीही होता. खांब मात्र फक्त वर्दीसाठी. वर्दी म्हणजे आगीची खबर. ती आली की घंटा वाजे, आणि घंटा वाजली की विश्रांतीच्या दालनातली माणसे हातातला पेला, पत्ता, वर्तमानपत्र जे असेल ते जिथल्या तिथे टाकून जमिनीतल्या गोल भोकाकडे धावत, पोलादी खांबाला बिलगत आणि एकामागून एक थेट बंबांच्या पुढ्यात उतरत. जिन्याने जायला लागणारा वेळ आणि खांबाने जायला लागणारा वेळ यांतला फरक कागदावर पाहिला तर नगण्य वाटावा. पण पेटलेल्या घराच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला तो नगण्य वाटत नाही, एवढे त्या इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

या खांबाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे खांबमास्तर म्हणत. असे पद सरकारदरबारी कुठेही नव्हते. सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका साहेबांनी एका वर्दीच्या वेळी खाली उभे राहून सहज कान दिला होता. आठ माणसे उतरल्याचे आठ आवाज यायला हवे होते, ते सातच आले. आठवा माणूस आवाज न करता उतरला होता. "यापुढे नव्यांना तूच शिकव," असे साहेब त्याला म्हणाले, आणि तेव्हापासून तो मास्तर झाला. आता त्यांचे वय सत्तावन्न होते, निवृत्तीला एक वर्ष उरले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पण सकाळी सात वाजता कोरड्या फडक्याने खांब पुसण्याचा नेम त्यांनी कधी चुकवला नव्हता. तेल नाही, पॉलिश नाही, मेण तर नावालाही नाही. पुसून झाल्यावर ते खिशातला पांढरा रुमाल खांबावरून फिरवत आणि उजेडात धरून पाहत. रुमाल पांढरा राहिला तरच त्यांच्या पोटात चहा जाई.

"उतरणं म्हणजे पडणं नव्हे," असे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "पडायला काय, कोणीही पडतं. त्याला सरकार पगार देत नाही. आधी कठड्याचं फाटक उघडायचं. मग खाली हाक द्यायची, 'मोकळं?' खालून 'मोकळं!' आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, मग भले तुझ्या स्वतःच्या घराला आग लागलेली असो. खांबाला मिठी मारायची ती कोपराच्या खोबणीनं, पंजानं नाही. पंजानं धरलास तर कातडी वर राहील आणि तू खाली जाशील. पायांची कात्री करायची, एक पाऊल खांबाच्या पुढून, एक मागून. वेग कमीजास्त करायचा तो मांड्यांनी. आणि नजर कुठे?"

"खाली, मास्तर." नवा माणूस हमखास हेच म्हणे.

"खाली पाहिलंस की डोकं पुढे जातं, डोकं पुढे गेलं की बूड मागे जातं, आणि मग उतरतोस ते पोत्यासारखा. नजर समोर! समोर भिंत आहे. भिंतीवर तुझी रेघ आहे. ती बघ."

ही रेघांची पद्धत मास्तरांची स्वतःची होती आणि दुसऱ्या कुठल्या केंद्रात ती कोणी पाहिली नव्हती. खांबाच्या तळाशी, पाय टेकतात तिथे, एक गोल गादी होती. नव्या माणसाला मास्तर त्या गादीवर ताठ उभे करत, त्याच्या डोळ्यांची उंची समोरच्या भिंतीवर पेन्सिलीने नोंदवत आणि त्या खुणेच्या बरोबर एक वीत वर निळ्या रंगाची बारीक रेघ ओढून शेजारी त्याचे टोपणनाव लिहीत. उतरताना स्वतःची रेघ डोळ्यांसमोर आली, की गादी तळपायांपासून वीतभर राहिली असे समजायचे आणि गुडघे सैल सोडायचे. ज्याची उंची वेगळी त्याची रेघ वेगळी. सव्वीस वर्षांत त्या भिंतीवर साठ-सत्तर रेघा जमल्या होत्या. लेकरांची उंची मोजण्यासाठी घरच्या दाराच्या चौकटीवर खुणा कराव्यात तशा त्या दिसत. जुने लोक चारपाच वर्षांनी रेघेकडे पाहायचे सोडून देत, कारण त्यांच्या गुडघ्यांना जमीन आपोआप कळू लागे. नवे मात्र रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवत.

सव्वीस वर्षांत या खांबावर कोणाचे हाड मोडले नव्हते. आणि मग एकाच महिन्यात तिघे जण आपटले.

पहिला डॉक्टर. तो काही खरा डॉक्टर नव्हे. पंपावर काम करी, पण कोणी शिंकले तरी औषध सुचवी, म्हणून हे नाव. तो उतरताना असा काही दणका बसला की त्याची जीभ दाताखाली आली आणि दोन दिवस त्याला कोणालाच औषध सुचवता आले नाही. केंद्रातल्या लोकांनी ते दोन दिवस सुखात घालवले. आठवड्याने शिडीवाला उतरला तो गादीवरून कोलमडून थेट बंबाच्या पायरीवर गेला; कोपर सोलवटले. तरीही सगळे म्हणाले, असे होते कधीकधी. परंतु तिसरा गडी पैलवान होता. मागची तीन वर्षे तो ताठ मानेने उतरत आला होता. त्या दिवशी खाली येताच त्याच्या घोट्यातून, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि पैलवान लहान मुलासारखा ओरडला.

"नशीब नवी गादी होती," जो तो म्हणाला. "जुन्या गादीवर पडला असता तर पाय गेला असता कामातून."

अपघात-नोंदवहीत मास्तरांनीच आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले: 'उतरताना संबंधिताचे लक्ष नव्हते.' दुसरे कोणते कारण त्यांना दिसत नव्हते.

साहेबांना मात्र ते पुरले नाही. हे साहेब वयाने मास्तरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. याच केंद्रात नवखे म्हणून आले होते, याच खांबावर शिकले होते, आणि भिंतीवर मधल्या उंचीवर त्यांचीही एक फिकी रेघ होती. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावले आणि बसायला सांगितले. तेव्हाच मास्तरांनी ओळखले की बातमी बरी नाही, कारण चांगली बातमी असली की साहेब उभ्या उभ्या सांगत.

"मास्तर, शनिवारी वरच्या कार्यालयातून तपासनीस येणार आहेत. एका महिन्यात तीन म्हणजे लक्ष नव्हतं, लक्ष नव्हतं म्हणून भागायचं नाही."

"मग काय करायचं म्हणता, साहेब?"

"एक तर कारण सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर भोकावर पोलादी पत्रा आणि सगळ्यांनी जिन्यानं जायचं. तसंही बऱ्याच ठिकाणी खांब काढलेत. मला हौस नाही हो, पण उद्या चौथा पडला तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"शनिवारपर्यंत म्हणजे चार दिवस."

"चारच."

त्याच दुपारी मास्तर शोधाला लागले. स्वभावाने ते अत्यंत शिस्तीचे असल्यामुळे त्यांनी आधी वहीला रेघा आखल्या आणि मगच संशय घ्यायला सुरुवात केली. पहिला संशय खांबावर. शिडीवर चढून त्यांनी तो वितीवितीने तपासला, तीन ठिकाणी रुमाल फिरवला; रुमाल स्वच्छ. मग बुटांवर. त्यांनी सर्वांचे बूट मागवून तळवे पाहिले, आणि एकाच्या बुटात गेल्या उन्हाळ्यात हरवलेली कपाटाची किल्ली सापडली, याखेरीज त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मग पाटलोणींचे कापड आले, मग हातमोजे. मग तिघे पडले त्या वेळी हवा दमट होती की कोरडी, आधी कोण जेवले होते, कोणाच्या मागे कोण होते, हे सारे वहीत उतरले. माणसे त्यांना पाहून दुसऱ्या खोलीत सटकू लागली.

"मास्तर, मी पडलो त्या दिवशी कोणत्या कुशीवर झोपलो होतो तेही लिहा," शिडीवाला म्हणाला.

"कोणत्या?"

"अहो, मी गंमत करतोय!"

"मी करत नाही," असे म्हणून मास्तरांनी पेन्सिल पुढे केली. शिडीवाल्याने मुकाट्याने सांगितले, डाव्या.

तिसऱ्या दिवशी वही भरत आली होती आणि हाती काही लागले नव्हते. पण भरलेल्या पानांवरून नजर फिरवताना मास्तरांना एक गोष्ट खटकली. केंद्रात सगळ्यांत नवी होती ती गोगलगाय. सहा आठवड्यांपूर्वी दाखल झालेली ही सव्वीस वर्षांची पोरगी बुटांचे बंद बांधायला इतका वेळ घेई, की हे नाव तिला दुसऱ्याच दिवशी चिकटले. नळीची गुंडाळी करताना ती स्वतःच तिच्यात गुंतली होती. सराव-शिडीवरून एकदा चुकीच्या बाजूने उतरली होती. सगळ्यांत आधी खांबावरून कोणी पडायचे तर तिने पडायला हवे होते. आणि ती गेले सहा आठवडे मांजरीसारखी उतरत होती.

मास्तर तिला शोधत बंबामागे गेले. ती नळीची तोंडे पुसत बसली होती.

"तू खांबावरून उतरतेस तेव्हा नेमकं काय करतेस गं?"

ती दचकून उभी राहिली. "काही चुकलं का, मास्तर?"

"चुकत नाही, हीच तर पंचाईत आहे. जिथं तिथं धडपडतेस आणि इथंच नेमकी धडपडत नाहीस. असं का?"

"हे कौतुक समजायचं का?"

"समज काहीही. आधी उत्तर दे."

"तुम्ही सांगितलं तसंच करते की! मिठी, कात्री, नजर समोर. माझी रेघ आली की गुडघे सोडते. एवढंच. माझी स्वतःची अक्कल मी त्यात जराही घालत नाही."

मास्तरांनी तिला तीनदा वरून उतरायला लावले. तिन्ही वेळा ते खाली गादीशेजारी ओणवे होऊन तिचे गुडघे पाहत राहिले. तिन्ही वेळा रेघ आली, गुडघे सैल झाले आणि पाय गादीवर अलगद टेकले. तिच्या करण्यात खरोखरच स्वतःची अक्कल कुठे नव्हती. म्हणजे ती अगदी नियमाप्रमाणे उतरत होती आणि शाबूत राहत होती. आणि पैलवानही शपथेवर सांगत होता, की तोही अगदी नियमाप्रमाणेच उतरला होता.

तेवढ्यात फाटकातून तो पैलवानच आत आला, पायाला प्लास्टर, काखेत कुबड्या आणि तोंडाने वाटेतल्या यच्चयावत दगडांचा उद्धार. त्याला रजेच्या अर्जासोबत डॉक्टरचा, म्हणजे खऱ्या डॉक्टरचा, दाखला द्यायचा होता. गोगलगाय त्याच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाली.

"ये गं बाई. तू सावकाश चालतेस आणि मी लंगडतोय. आता कुठे आपली जोडी जमली."

"मी हळू चालते, पण आपल्या पायांनी चालते."

"ऐका! मास्तर, ऐका ही काय म्हणते ते!"

पण मास्तर ऐकत नव्हते. ते पाहत होते. दोघे समोरासमोर उभे होते आणि दोघांचे डोळे एका पातळीत होते. पैलवान रुंदीने दीडपट असल्यामुळे तो उंचीनेही मोठा आहे, असे आजवर सगळे धरून चालले होते; पण सुतार जशी फळीला फळी लावून पाहतो तसे मास्तरांनी डोळे बारीक करून पाहिले, आणि त्यात तसूभरही फरक नव्हता.

"असेच उभे राहा. हलायचं नाही."

"मास्तर, मी एका पायावर आहे हो!"

"मग तर हलूच नकोस."

ते भिंतीपाशी गेले. पैलवानाची रेघ सापडली, गोगलगायीचीही सापडली. ज्यांचे डोळे एका पातळीत होते त्यांच्या रेघा एका पातळीत नव्हत्या. पोरीची वर होती. मास्तरांनी दोन रेघांच्या मध्ये आपली बोटे आडवी धरून पाहिली. एक, दोन, तीन, चार. बरोबर चार बसली.

त्यांना पहिल्यांदा वाटले ते असे, की आपला हात चुकला. पण कोणाची रेघ चुकली? पैलवानाच्या रेघेने त्याला तीन वर्षे सुखरूप उतरवले होते, आणि हिची हिला आज उतरवत होती. दोन्ही रेघा बरोबर असूनही वेगळ्या असतील, तर त्या मोजताना माणसाच्या पायाखाली काहीतरी वेगळे असले पाहिजे. मास्तरांनी सावकाश मान खाली घातली. गादी! ते खाली बसले आणि गादीच्या कडेला त्यांनी बोटे लावली. जुनी रबरी गादी दोन बोटे जाड होती, हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. ही नवी सहा बोटांची होती. तिला येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पोरीला त्यांनी तिच्यावर उभे करून मोजले होते. बाकी सगळ्यांच्या रेघा जुन्या गादीच्या हिशेबाच्या होत्या. जमीन चार बोटे वर आली होती आणि भिंतीला ते कोणी सांगितलेच नव्हते. वीतभर अंतराच्या भरवशावर उतरणाऱ्याला पाय टेकेपर्यंत त्यातले जेमतेम दोन-तृतीयांशच मिळत होते, आणि ताठ गुडघ्यांनिशी तो आदळत होता. जुन्या लोकांना काही झाले नाही, कारण ते रेघ पाहतच नव्हते. म्हणजे जे शिकवल्याप्रमाणे वागले तेच पडले होते.

"सापडलं का, मास्तर?" पैलवानाने विचारले. "मी पाय टेकू का?"

"बघतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

एरवी ते आनंदाने थेट साहेबांच्या खोलीत गेले असते. गेले नाहीत, याचे कारण ती गादी होती. ती त्यांनीच मागवली होती. 'जवानांच्या सुरक्षिततेसाठी अधिक जाड गादी मिळावी,' असा अर्ज त्यांच्याच हस्ताक्षरात दप्तरात होता. खरी गोष्ट अशी, की जुन्या गादीबद्दल कोणा जवानाची कसलीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती मास्तरांच्या उजव्या गुडघ्याची. गेले काही महिने प्रत्येक उतरण्यासरशी त्यात सुरी फिरल्यासारखी कळ येई, आणि ते दात आवळून सरळ चालत राहत. साहेबांना गादीचे सांगायचे म्हणजे ते विचारणारच: चांगली गादी बदललीच कशाला? त्याचे उत्तर द्यायचे म्हणजे गुडघा दाखवायचा. आणि गुडघा दाखवला की खांब बंद, बंबावर जाणे बंद, शेवटचे वर्ष खालच्या टेबलाशी बसून टेलिफोन उचलायचा. न सांगावे, तर खांबच बंद.

त्यांच्या मनात तिसरा मार्गही येऊन गेला. मुकाट्याने सगळ्या रेघा चार बोटे वर सरकवायच्या आणि शनिवारी तपासनिसांना म्हणायचे, की कारण कळले नाही, पण मी पुन्हा शिकवतो, मला एक संधी द्या. या कानाचे त्या कानाला कळणार नाही. आपल्यासारख्या माणसाला असे काही सुचावे याचेच त्यांना नवल वाटले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको शिलाईयंत्रावर वाकलेली होती. आजूबाजूच्या चार इमारतींतले कपडे तिच्याकडे येत. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिने नुसत्या भुवयांनी चहाचे विचारले. मास्तरांनी मान हलवून नको म्हटले आणि स्टूल ओढून ते शेजारी बसले. ते कधी असे बसत नसत.

तिने टाचण्या काढल्या. "काय झालं?"

"काही नाही. तुला एक विचारायचं होतं. तुझ्याकडून कधी माप चुकलंय?"

"मेल्या टाचणीएवढं तरी चुकतंच की. का?"

"मग काय करतेस?"

"उसवते."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगतेस?"

"काय सांगायचं? माझं माप चुकलं, असं सांगते. कपडा तिच्या अंगावर असतो हो! तिला काय दिसत नाही?" तिने धागा दातांनी तोडला. "परवाच एकीच्या झग्याची किनार आखूड झाली. माप घेतलं तेव्हा साधी चप्पल, आणि लग्नघरी निघाली ती उंच टाचांचे जोडे घालून. ती म्हणाली तुमचं चुकलं. खरं तर तिचं चुकलं होतं. पण मीच विचारायला हवं होतं, की पायात काय घालणार आहेस."

मास्तर तिच्याकडे पाहतच राहिले.

"असं बघू नका. घाबरायला होतं मला."

मग त्यांनी तिला सगळे सांगितले. गादी, रेघा, पैलवानाचा घोटा, नोंदवहीतले ते एक वाक्य. गुडघ्यापाशी मात्र ते अडखळले. "आणि गादी मी मागवली ती... म्हणजे त्याचं असं आहे, की..."

"उजवा गुडघा."

"तुला कोणी सांगितलं?"

"तीन महिने जिना उतरताना दर पायरीवर आधी उजवा पाय टाकताय आणि मग डावा त्याच्या शेजारी आणून ठेवताय. लहान पोरासारखे. मी काय आंधळी आहे?" ती थांबली आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते."

"सांगितलं तर मला खांबावरून उतरू देणार नाहीत."

"नाही देणार."

"सव्वीस वर्षं."

"हो. आणि त्या पैलवानाच्या नावापुढे 'लक्ष नव्हतं' असं लिहिलंत. त्याचं लक्ष होतं."

तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. यंत्र पुन्हा सुरू झाले.

शनिवारी तपासनीस आले. पोट सुटलेले, घामाघूम झालेले गृहस्थ; जिना चढून आल्यावर त्यांना पाणी द्यावे लागले. मग खाली येऊन ते, साहेब आणि सगळी माणसे खांबाभोवती उभी राहिली. पैलवानही खुर्चीवर पाय पसरून होता. मास्तरांनी सामानाच्या खोलीतून जुनी गादी झटकून आणवली होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "दोनदा उतरायचं. एकदा जुन्या गादीवर, एकदा नवीवर. आणि रेघ बघून, नियमाप्रमाणे."

"मास्तर, माझी जीभ आत्ताच कुठे..."

"दातांच्या मागे ठेव."

डॉक्टर जुन्या गादीवर पिसासारखा उतरला. गाद्या बदलल्या. या वेळी तो उतरला तेव्हा आवाज सगळ्यांनी ऐकला. तपासनिसांनी नकळत आपलाच घोटा चाचपला. मास्तरांनी भिंतीवरच्या रेघा दाखवल्या, गादीच्या कडेला बोटे लावून दाखवली, गोगलगायीला आणि पैलवानाला शेजारी उभे केले. बोलताना त्यांचा आवाज हळूहळू खुलत गेला, कारण हा शोध त्यांना स्वतःलाच फार आवडला होता, त्याची किंमत काहीही असो. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे चूक उतरणाऱ्यांची नाही. गादी बदलल्यावर रेघा बदलायला हव्या होत्या. त्या मी बदलल्या नाहीत. पैलवानापुढे मी जे लिहिलंय ते आज माझ्या हातानं खोडतो आणि खाली खरं काय ते लिहितो."

"वा!" तपासनीस म्हणाले. "पण मला एक कळत नाही. जुनी गादी ठीक होती, तर बदलली कशाला?"

साहेबांची नजर मास्तरांवर होती, आणि ती खाली, गुडघ्याकडे होती, हे मास्तरांना दिसले.

"माझ्यासाठी," मास्तर म्हणाले. "अर्जात जवानांसाठी असं लिहिलंय. ते खोटं आहे. माझा उजवा गुडघा गेलाय."

पैलवान खुर्चीतून म्हणाला, "अहो मास्तर, मग गुडघ्यापुरती गादी मागवायची ना!" आणि सगळे हसले, मास्तरही हसले, पण त्यांचे डोळे पाण्याने भरले होते.

तपासनिसांनी शेरा लिहिला: नवी गादी राहावी, सर्व रेघा नव्याने आखाव्यात, खांब चालू ठेवण्यास हरकत नाही. ते गेल्यावर साहेब मास्तरांपाशी आले. या वेळी ते उभेच होते.

"रेघा तुम्हीच आखा. शिकवायलाही तुम्हीच. पण उद्यापासून तुम्ही जिन्यानं."

"होय, साहेब."

"मला आधी सांगायला हवं होतं, मास्तर."

"होय."

दुसऱ्या दिवशी दिवसभर गोगलगाय आणि मास्तर भिंतीपुढे होते. तिने जुन्या रेघा खरवडायच्या, त्यांनी प्रत्येकाला गादीवर उभे करून नवी ओढायची. साहेबांनाही त्यांनी सोडले नाही. सगळ्या झाल्यावर तळाशी एक जुनाट, जवळजवळ पुसलेली रेघ राहिली.

"ही कोणाची?" तिने ब्रश थांबवून विचारले. "नावच नाही."

"माझी. तेव्हा मला कोणी टोपणनाव दिलं नव्हतं."

"ती वर घ्यायची ना?"

"कशाला? मी कुठे उतरणार आहे आता? राहू दे तिथेच. गादी पूर्वी कुठे होती ते कळेल कोणाला तरी."

काम आटोपले आणि घंटा झाली. मास्तर त्या वेळी वरच्या दालनात रंगाचा डबा ठेवायला गेले होते. माणसे त्यांच्या दोन्ही बाजूंनी धावली, फाटक उघडले, "मोकळं?" "मोकळं!" आणि भोकातून एकेक नाहीसा होऊ लागला. मास्तरांचे पाय सवयीने दोन पावले तिकडे गेले आणि थांबले. मग ते वळले आणि त्यांनी कठड्याला हात घालून जिना धरला.

सव्वीस वर्षांत वर्दीच्या वेळी ते या जिन्याने कधी उतरले नव्हते. पायऱ्या किती आहेत, हेदेखील त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून ते मोजत उतरले. बावीस. ते खाली पोचले तेव्हा बंब फाटकाबाहेर वळत होता आणि मागच्या बाकावरून गोगलगाय हात हलवत होती. एका बुटाचा बंद अजून सुटलेलाच होता. कोणी लंगडत नव्हते. सगळे आवाज हलके आले होते, त्यांनी उतरता उतरता कान दिला होता.

केंद्र रिकामे झाले. मास्तर टेलिफोनकडे जायला निघाले, पण तीन पावलांवर थबकून मागे वळले. उतरताना सातव्या पायरीवर आपले पाऊल किंचित घसरले होते का? की तसा भास झाला? ते पुन्हा वर गेले, सातव्या पायरीशी बसले आणि तळहाताने ती चाचपू लागले. पायरी डाव्या बाजूला झिजलेली होती, फक्त डाव्याच. आठवीही तशीच. नववी मात्र सरळ. हे कसे? माणसे इथे सगळी डावीकडूनच का वळत असावीत?

त्यांनी खिशातून वही काढली, नव्या पानाला रेघा आखल्या आणि सगळ्यांत वर लिहिले: जिना.